फिटरदादांचं बटाट्याचं ड्रिल

रोज एक पोतं बटाटे सोलायचे म्हणजे काय, ते ज्यानं सोललेत त्यालाच कळतं. मी सहा वर्षं सोलले. हॉस्पिटलच्या आवारातलं कँटीन होतं, दुपारी तीनशे माणसं जेवायची, आणि भाजी निवडायला-चिरायला आम्ही दोघीच, मी आणि मालकीणबाई. त्यांना मी वहिनी म्हणायचे. वहिनी गल्ल्यावर बसून हुकूम सोडणाऱ्यातल्या नव्हत्या, माझ्या शेजारी बसून सोलायच्या. एका वर्षी त्यांचं उजवं मनगट असं धरलं की पाण्याचा पेला उचलवेना. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि हाताला विश्रांती द्या म्हणाले. कँटीन चालवणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे माशाला थोडे दिवस पोहू नको म्हणण्यासारखं.

वहिनींचे थोरले भाऊ पंपाच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. सगळे त्यांना फिटरदादाच म्हणायचे. नुकतेच रिटायर झाले होते, आणि घरात बसून बसून बिजागऱ्यांना तेल घालण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. बहिणीचा पट्टा त्यांनी निरखून बघितला आणि परत गेले. आठवड्यानं आले ते एक बादली घेऊन.

बादलीच्या झाकणाला मधोमध भोक, भोकातून स्टीलची दांडी, दांडीच्या खालच्या टोकाला नायलॉनचा जाड ब्रश आणि वरच्या टोकाला बॅटरीवर चालणारं ड्रिल. बादलीत बटाटे आणि अर्धी बादली पाणी. त्यांनी खटका दाबला, बादली गुरगुरली, आणि दोन-अडीच मिनिटांनी झाकण काढलं तर बटाटे न्हाऊन-माखून निघालेल्या बाळांसारखे पांढरे. डोळे तेवढे सुरीनं काढायचे. वहिनी हसल्या आणि मग एकदम रडायलाच लागल्या. दादा म्हणाले, रडतेस काय, दुसरी बादली भर.

मग त्यांना चेवच चढला. अंडी फेटायला वेगळी दांडी आली, गाजरांना मऊ ब्रश आला. पण माणूस शिस्तीचा. ड्रिल कोरं करकरीत घेतलेलं, कारखान्यातलं एकही जुनं हत्यार त्यांनी कँटीनमध्ये आणलं नाही. ब्रश रोज सकाळी ओढून बघायचा, केस सुटायला लागले की फेकायचा, हे त्यांनी आम्हाला पाठ करायला लावलं. वर्कशॉपचं वर्कशॉपात, स्वयंपाकघरातलं स्वयंपाकघरात, असं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे मालक, एकदा म्हणाले की कोबीसाठी एखादी विजेची करवत बघा ना. दादा शांतपणे म्हणाले, "दाजी, बघतो की. पण मग बोटं कोणाची घालायची तेवढं आधी ठरवा."

मालकांना घाई फार. बादलीमागे दोन मिनिटंही त्यांना जास्त वाटायची. आणि नायलॉनचे ब्रश पंधरा-वीस दिवसांत झिजतात, म्हणून कुरकुर.

मी जावेच्या आजारपणासाठी दोन दिवस रजा घेतली होती, त्यातल्या दुसऱ्या दिवशी ते घडलं. दुपारी कुस्करलेल्या बटाट्याच्या घासाबरोबर तारेचा एक बारीक तुकडा एका म्हाताऱ्या पोस्टमनच्या घशात रुतला. त्यांची बायको वरच्या वॉर्डात होती, तिच्यासाठी ते महिनाभर आमच्याकडे जेवत होते. ऑपरेशन करून तुकडा काढला, पण जखम चिघळली. बोलणं बंद, खाणं नळीनं.

हॉस्पिटलच्या ऑफिसात चौकशी बसली. मालक म्हणाले, यंत्र आमच्या मेहुण्यांनी बनवलंय, त्यांच्या घरच्या कामाच्या बाकावरून काहीतरी आलं असणार. आणि दादांना ते पटलं. त्याला कारणही होतं. आठच दिवसांपूर्वी दांडी घरी नेऊन त्यांनी तिचं टोक कानशीनं घासलं होतं, आणि कानस साफ करायला तारेचा ब्रश असतो. त्यातलीच एखादी तार दांडीला चिकटून आली असेल, मी धुताना चुकलो असेन, असं ते म्हणाले. त्यांनी तसं लिहून दिलं आणि खाली सही केली. वहिनी शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

त्या दिवसापासून दादा रोज सकाळी हॉस्पिटलात. पोस्टमनना पेपर वाचून दाखवायचे, त्यांच्या बायकोचा डबा वर पोचवायचे, औषधं आणायचे. पोस्टमन वहीवर लिहून बोलायचे. पहिल्या दिवशी दादांनी हात जोडून सांगितलं की हे माझ्यामुळे झालं. पोस्टमननी लिहिलं, बसा. एवढंच.

रजेवरून आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिठाच्या डब्यांमागे झाडताना माझ्या केरसुणीला काहीतरी अडकलं. गंज काढायचा तारेचा ब्रश होता, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तसला. तारांमध्ये बटाट्याची सालं वाळून बसली होती. दोन-चार तारा तुटलेल्या. मागचा स्क्रूचा आटाही आमच्या दांडीला बरोबर बसणारा. मी तो वहिनींपुढे धरला. त्यांनी बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुला काही दिसलं नाही."

मला नोकरी हवी होती. मी ब्रश कागदात गुंडाळून पिशवीत टाकला आणि गप्प बसले. बरोबर तीन आठवडे. ते मी कुणालाही सांगताना लपवत नाही.

पण रोज हॉस्पिटलच्या जिन्यावर दादा दिसायचे. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली. एकतीस वर्षांत ज्यांच्या हातून एक नट ढिला राहिला नाही, तो माणूस जिन्याच्या कठड्याला धरून चढत होता. एकदा मला म्हणाले की हल्ली घरात खिळा ठोकायचीसुद्धा भीती वाटते. मला ते सोसवलं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी कागद उघडला, ब्रश उजेडात धरला, एक तार बोटानं वाकवून बघितली. सरळ कँटीनच्या स्वयंपाकघरात गेले. मालक बाजारात गेले होते. वहिनी कोबी चिरत होत्या. दादांनी ब्रश कोबीशेजारी ठेवला.

"हा कोणी लावला?"

वहिनींनी सुरी खाली ठेवली. "यांनी. लवकर होतं म्हणून."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी दुपारी."

"म्हणजे मी सही केली तेव्हा तुला माहीत होतं."

वहिनींनी मान डोलावली. मग घाईघाईनं म्हणाल्या, "दादा, तू रिटायर झालायस. तुझं काय जाणार होतं? आमचा ठेका गेला असता. वीस वर्षं घातलीत रे आम्ही यात."

"माझं काय जाणार होतं," दादा म्हणाले. तो प्रश्न नव्हता. भिंतीवरचा स्वतःच्या हातचा कागद त्यांनी काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि ब्रश उचलून बाहेर पडले.

ऑफिसात जाऊन त्यांनी आपला सही केलेला कागद परत मागितला. ब्रश टेबलावर ठेवून एवढंच सांगितलं की हा माझा नाही, पुढचं तुम्ही विचारा. बहिणीचं नाव तोंडातून काढलं नाही. मालकांना लेखी ताकीद मिळाली, दंड झाला, पण ठेका राहिला. म्हणजे ज्या भीतीपोटी भावाचा बळी दिला, ती भीतीही पोकळच निघाली. मी त्याच आठवड्यात काम सोडलं. सोडलं म्हणजे, दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी बाई बसलेली होती.

पोस्टमनना दादांनी सगळं सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं, "मग आता उद्यापासून येणार नाही?" दुसऱ्या दिवशीही दादा वॉर्डात हजर. पोस्टमनची बायको बरी होऊन दोघं घरी जाईपर्यंत रोज गेले.

वहिनी दोनदा दादांच्या घरी येऊन गेल्या. दादांच्या बायकोनं चहा दिला, दादा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. दोन वर्षांनी वहिनींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तर उशाशी दादा. आदल्या दिवसापासून बसलेले, असं नर्स म्हणाली. मला बरं वाटलं. म्हटलं, रक्ताचं नातं आहे, मिटलं वाटतं.

वहिनींना तहान लागली. दादांनी पेला भरला, मानेखाली हात घालून त्यांना उठवलं आणि म्हणाले, "सावकाश घ्या. टाक्यांना ताण पडेल तुमच्या."

वहिनींनी पेला तोंडाजवळून बाजूला केला. "दादा, मला 'तुम्ही' म्हणू नकोस."

दादांनी पेला परत पुढे केला.

"पाणी प्या," ते म्हणाले.