सव्वानऊची शिट्टी

रोज सकाळी नऊच्या सुमारास अण्णा माझी बेल वाजवायचे. "स्वल्प बसतो, लगेच उठतो," म्हणत आत यायचे आणि पाऊण तास बसायचे. तीन पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं मराठी घराणं, सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून हयात गेलेली, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या मजल्यावर ते एकटे, समोर मी एकटा. "मशीन रिकामं फिरलं की खडखडतं, पुणेकर. माणसाचंही तेच," असं स्वतःच सांगायचे आणि खडखडत राहायचे.

मी आयटीतला महत्त्वाचा माणूस. हे माझं मत. कंपनीचं विचारू नका. पुढेपुढे बेल वाजली की मी दार न उघडता दाराच्या भिंगाला डोळा लावून, श्वास रोखून आत उभा राहायला लागलो. एका मंगळवारी असाच पुतळा होऊन उभा होतो, आणि स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली. बाहेर अण्णा हसले. "सरी, सरी, ठीक आहे. आधी कुकर बघा, पुणेकर. खिचडी लागेल. मी मागाहून येतो."

अकराला त्यांच्या कामवाल्या रत्नम्माने माझं दार बडवलं. अण्णा खुर्चीत कलंडले होते. तोंड वाकडं, उजवा हात लोंबतोय, शब्द फुटत नाही.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, "मेंदूत गुठळी अडकलेली दिसते. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण झटक्यापासून साडेचार तासांच्या आतच. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. यांना धडधाकट शेवटचं कधी पाहिलं?"

"काल संध्याकाळी," रत्नम्मा म्हणाली.

"मग कठीण आहे."

मी बुटांकडे बघत होतो. अण्णांचा हात आणि वाचा जायची वेळ आली होती, आणि मी माझी अब्रू सांभाळत होतो.

"मी पाहिलं," शेवटी म्हणालो. "सव्वानऊला. दाराच्या भिंगातून. नीट उभे होते, नीट बोलले."

"मग दार का नाही उघडलं?"

"मी घरी नव्हतो."

बाईंचं पेन कागदावर थांबलं.

"म्हणजे... त्यांना तसं वाटावं म्हणून."

"वेळ नक्की?"

"साडेनऊची मीटिंग होती. त्याआधी कुकर उतरवायचा म्हणून घड्याळ बघत होतो. तिसरी शिट्टी झाली तेव्हा सव्वानऊ. नक्की."

"अय्यो, सार!" रत्नम्माने कपाळावर हात मारला.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. इंजेक्शन दिलं. संध्याकाळी अण्णांची बोटं हलली. शब्द यायला चार दिवस लागले, तेही अडखळत.

महिन्याभराने त्यांची मुलगी त्यांना कायमचं मैसुरूला न्यायला आली. खोकी बांधली जात असताना मी माफी मागायला गेलो. सरळ मागवेना, म्हणून कामाचा ताण, मीटिंगा, असं लांबून सुरू केलं. अण्णांनी हात वर करून थांबवलं.

"रोजच... आत असायचात. दाराखालच्या फटीतून... पावलं दिसायची."

"मग रोज बेल कशाला वाजवायचात, अण्णा?"

अण्णांनी समोरच्या माझ्या दाराकडे बोट केलं.

"पावलं दिसली की... कोणी आहे म्हणून... दिवस निघायचा."