झुंबरबाईचं कुत्रं आणि आक्कांचा ओटा

कुत्रं झुंबरबाईने आणलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे बोलणी सगळी तिलाच खावी लागली. आणलं भिकनने, तिच्या नवऱ्याने. तो सातपूरच्या एका कारखान्यात पाळ्यांवर कामाला होता. ब्याऐंशी सालच्या हिवाळ्यात एकदा पहिली पाळी संपवून घरी आला, आणि डब्याच्या पिशवीतून तांबूस रंगाचं, पोट सुटलेलं एक पिल्लू बाहेर पडलं. गेटवरच्या वॉचमनच्या कुत्रीचं.

"थंडीनं मेलं असतं गं," एवढं बोलून भिकन चहाची वाट बघत खाटेवर बसला.

पिल्लाने तेवढ्यात पिठाच्या डब्याशेजारी पहिली हजेरी लावली. ती कोणी पुसली हे सांगायला नको. हौस पुरुषाची आणि फडकं बाईचं, हा कायदा कोणत्या शहाण्याने केला देव जाणे, पण खोलीत फडकं कुठे ठेवलेलं असतं हेसुद्धा भिकनला माहीत नव्हतं. त्याने पिल्लाचं नाव लाल्या ठेवलं आणि आपलं काम झालं असं समजून तो आडवा झाला.

दोघांच्याही घरात आजवर कोणी कुत्रं पाळलं नव्हतं. गावाकडे कुत्री होती, पण ती आळीची. ती कोणाच्या खोलीत झोपत नसत आणि कुठे बसावं, कुठे बसू नये हे त्यांना कोणी शिकवतही नसे. इथे एक खोली, तिच्यात स्वयंपाक, खाट, मोरी, आणि आता लाल्या. दुसऱ्या दिवशी त्याने खाटेखाली केलं, तिसऱ्या दिवशी भिकनच्या चपलेत. चपलेत केलं तेव्हा झुंबरबाईला मनातून बरंच वाटलं. तरीही तिने नवऱ्याला बजावलं, "रविवारी हे जिथून आणलं तिथं सोडून या. मला लोकाची पोरं सांभाळून आल्यावर हे उस्तरायला अंगात जीव उरत नाही."

पोरं सांभाळून म्हणजे खरोखरच सांभाळून. वस्तीतल्या समाजमंदिरात बालवाडी भरायची, तिथे झुंबरबाई मदतनीस होती. गाणी आणि गोष्टी शिकवायला बाई होत्या. नाकं पुसणं, चड्ड्या बदलणं आणि रडणाऱ्याला कडेवर घेणं हे झुंबरबाईकडे होतं.

रविवार उजाडण्याआधीच ते झालं. दार उघडं राहिलं, लाल्या ओट्यावरून दुडूदुडू पळत गेला आणि नेमका घरमालकिणीच्या दारासमोर बसला.

घरमालकीण म्हणजे सावित्रीबाई. त्यांना सगळी चाळ आक्का म्हणायची. त्यांच्या सासऱ्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा सासऱ्यांनी घराला लागून भाड्याच्या खोल्या काढल्या. आक्कांच्या दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत शहाबादी फरशीचा एकच लांब ओटा होता. ओटा सगळ्यांचा, पण तो झाडायचं भाडेकरूंनी आणि त्यावर बसून बोलायचं आक्कांनी.

ही खोली मिळण्याआधी झुंबरबाई आणि भिकन पुष्कळ फिरले होते. लोक आधी नाव विचारत, मग आडनाव, मग गाव, आणि 'पगारे' म्हटलं की खोली नेमकी कालच कोणाला तरी दिलेली असे. एका घरात तर खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आत चिटपाखरू नव्हतं, तरी ती कालच गेलेली होती. आक्कांनी मात्र खोली दिली. "आम्ही असलं काही मानीत नाय," असं म्हणून दिली, आणि मग ते इतक्या वेळा म्हणाल्या की ऐकणाऱ्याला उगीच उपकाराखाली वाकल्यासारखं व्हावं. नळावर झुंबरबाईचा हंडा आला की आक्कांची घागर मात्र आपोआप बाजूला सरकायची.

तर लाल्या त्यांच्या दारात बसला. आक्का नाकाला पदर लावून बाहेर आल्या. नळावरच्या बायका बघत होत्या, आणि त्या बघताहेत याची खात्री करून घेऊनच आक्का बोलल्या.

"तुमच्यात चालत असंल असलं. आमच्या ओट्यावर नाय चालायचं. एक तारखेपर्यंत हे कुत्रं तरी घालवा, नायतर खोली तरी मोकळी करा."

झुंबरबाईने फरशी पुसली, पुन्हा पुसली, फिनेल टाकून तिसऱ्यांदा पुसली. आजवर लहान पोरांचं इतकं काढलं, कधी कमीपणा वाटला नाही. आणि एवढ्याशा पिल्लाच्या चुकीवरून हिने आमचं अख्खं गणगोत काढावं? आमच्यात काय चालतं ते हिला कोणी सांगितलं? आमच्या घरात येऊन कधी घोटभर पाणी प्यालीस का बाई?

संध्याकाळी भिकन म्हणाला, "जाऊ दे, सोडून येतो मी त्याला."

"खबरदार," झुंबरबाई म्हणाली. "आता ते इथंच राहील. आपणही इथंच राहू. आणि ओट्यावर एक थेंब पडणार नाही."

सकाळपर्यंत हीच बाई पिल्लाला हाकला म्हणत होती. भिकनला काही उमगेना. पण तिचा हिशेब सरळ होता. कुत्रं घालवलं तर ओटा स्वच्छ होईल, पण आक्कांचं ते बोलणं खरं ठरून चाळीत कायमचं राहील.

आता शिकवायचं कसं? शेजारच्या खोलीतला केरू सल्ला द्यायला तयारच होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे यात काही विशेष नव्हतं. मान धरायची, नाक त्यातच घासायचं आणि दोन फटके द्यायचे. स्वतः केरूने आयुष्यात कोंबडीसुद्धा पाळली नव्हती. झुंबरबाईने तसं केलं. परिणाम एवढाच झाला की लाल्या लपून करायला लागला, खाटेखाली, ट्रंकेमागे, जिथे हात पोचणार नाही तिथे. तिचा राग वाढत गेला आणि लाटणं जास्त वेळा हातात यायला लागलं.

एक दिवस ती बालवाडीतून आली, दार उघडलं, आणि लाल्या तिला बघताच जमिनीला चिकटला. कान मागे, शेपूट पोटाशी, आणि अंगाखालून पाण्याचा ओघळ निघाला. तिने काही केलेलं नव्हतं. हातात लाटणं नव्हतं, होती ती कुलपाची किल्ली.

झुंबरबाई दारातच उभी राहिली. असं एक पोरगं तिच्या बालवाडीत होतं. कोणी नुसता हात वर केला, अगदी खुंटीवरची पिशवी काढायला केला, तरी त्याची चड्डी ओली व्हायची. त्याच्या आईला तिने बाहेर बोलावून सुनावलं होतं, "मारून मारून पोराचं मूत सुकत नसतं बाई, उलट जास्त होतं." आणि घरी येऊन आपण काय करत होतो? तिला स्वतःची लाज वाटली, आणि केरूचा असा संताप आला की त्या दिवशी त्याने मागितलेली वाटीभर साखर तिने दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने लाल्याला बालवाडीत घातलं म्हणायला हरकत नाही. पोरांचं जे, तेच याचं. झोपून उठलं की बाहेर. खाल्लं की बाहेर. खेळता खेळता एकदम गप्प झालं, कोपरा हुंगत गोल फिरायला लागलं की उचलून बाहेर. चाळीमागे बाभळीखाली मोकळी जागा होती. घरात पुसलेलं एक फडकं तिने न धुता तिथेच टाकून दिलं, म्हणजे वासाने त्याला जागा ओळखता यावी. काम झालं की "शाब्बास रे माझ्या राजा" आणि भाकरीचा तुकडा. घरात चुकलं तर एक शब्द नाही, मुकाट पुसायचं. पहाटेच्या बोचऱ्या थंडीत डोक्यावरून चादर घेऊन ती बाभळीखाली उभी असायची. कारखान्याला निघालेले सायकलवाले वळून बघायचे. बघू देत, ती मनात म्हणायची, तुमच्या बापाचं काय जातं?

भिकनलाही तिने सोडलं नाही. दुपारपाळी असेल तेव्हा सकाळची फेरी त्याची. पहिल्यांदा तो कुरकुरला. "कुत्र्याला मुतवत हिंडू का मी?" म्हणाला. ती म्हणाली, "मग कुत्र्याला सांगा, तुमच्या पाळीत मुतू नको म्हणून." तो गुमान चप्पल घालून गेला.

हळूहळू लाल्या स्वतःच दाराशी जाऊन पायाने खरवडायला लागला. ओटा कोरडा राहिला. आक्का रोज सकाळी दारातून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवत. काही सापडेना तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला हवं होतं की नाही? दिसत नव्हतं.

एक तारीख तोंडावर आली. त्या दुपारी झुंबरबाई बालवाडीतून परतली, तर आक्का कमरेवर हात देऊन ओट्यावर उभ्या होत्या आणि त्यांच्या दाराजवळ फरशीवर पाणी होतं.

"बघ, शेवटी आपल्या जातीवर गेलंच," आक्का म्हणाल्या. नळावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ते कुत्र्याच्या जातीवर होतं असं समजायला कोणी तिथे तयार नव्हतं.

झुंबरबाईची कानशिलं तापली. ती आपल्या दाराशी गेली. कुलूप सकाळी लावलं होतं तसंच होतं. ते तिने सगळ्यांच्या देखत उघडलं. लाल्या बाहेर आला, कोणाकडेही न बघता ओट्यावरून उडी मारून चाळीमागे पळाला आणि बाभळीखाली जाऊन बराच वेळ उभा राहिला. बिचाऱ्याने सकाळपासून धरून ठेवलं होतं.

नळावरच्या एका बाईला हसू आवरेना. तेवढ्यात पाण्याच्या पिंपामागून मुसमुसण्याचा आवाज आला. आक्कांच्या लेकीचा मुलगा होता, तीनेक वर्षांचा. पेठ गावाहून आजोळी आला होता. दुपारचा झोपून उठला होता आणि चड्डी पार ओली होती.

"अगं बाई, आमचं सोन्या होय," आक्का लगेच विरघळल्या. "लेकरूच ते, त्याला काय कळतंय? झोपेतच उठून बाहेर आलं असंल." आणि मग त्याच सुरात, काहीच घडलं नसल्यासारखं, "झुंबर, तेवढं फडकं मारून घे गं. तुझ्या हाताला सवय हाय."

कुठे माफी नाही, की मघाच्या बोलण्याची साधी ओशाळगत नाही. आपलं झालं की लेकरू, दुसऱ्याचं झालं की जात. झुंबरबाईने आधी मुलाकडे पाहिलं. ते भेदरलं होतं, आणि त्याचा यात काडीचा दोष नव्हता. तिने त्याला उचलून आपल्या मोरीत नेलं, कोमट पाण्याने धुतलं, आपल्या पातळाच्या मऊ तुकड्यात गुंडाळलं आणि बाहेर आणून आजीच्या कडेवर दिलं. आक्कांनी त्याला घेतलं. घेताना झुंबरबाईच्या हाताला हात लागला, तो त्यांना या वेळी बाजूला सरकवता आला नाही.

मग झुंबरबाईने खुंटीवरचं फडकं आणून आक्कांच्या पायाशी ठेवलं.

"लेकराचं मी केलं, आक्का. फरशीचं तुम्ही करा."

एक तारीख दोन दिवसांवर होती आणि दुसरी खोली कुठे मिळणार हे तिला ठाऊक नव्हतं. तरी ती आपल्या उंबऱ्यावर बसली. लाल्या येऊन तिच्या पायाशी बसला. नळ वाहत होता, पण हंडा कोणी उचलत नव्हतं. शेवटी आक्कांनी मुलाला खाली ठेवलं, पदर खोचला आणि त्या वाकल्या.