शेगडी माझ्या पसंतीची

मासळी विकणाऱ्या बाईला राग परवडत नाही. गिऱ्हाईक पापलेटाचे कल्ले उघडून बघतं, कोलंबीला नाक मुरडतं, सगळी पाटी वरखाली करून रिकाम्या हाताने निघून जातं, आणि तिने पुढच्या गिऱ्हाइकाला हसून 'ये गो बाय' म्हणायचं असतं. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली भागीरथी हे असं हसत हसत म्हातारपणाला टेकली होती. ती चिडलेली कुणी फारशी पाहिली नव्हती. शहाऐंशी साली मात्र ती चिडली, आणि ती चीड तिने पुढे कधी पूर्ण सोडली नाही.

झालं असं, की घरातला पंपाचा स्टो एका सकाळी भडकला आणि तिच्या सुनेचा, शेवंतीचा, हात कोपरापर्यंत भाजला. गॅससाठी नाव घालून कितीतरी वर्षं झाली होती. स्टो भडकल्यावर काही महिन्यांनी नंबर लागला. भागीरथीचा नवरा दामाजी होडी घेऊन खाडीत असायचा, मुलगा कारखान्यात पाळीवर. तेव्हा शेगडी बघायचं काम तिने आपल्याकडे घेतलं.

नौपाड्यातल्या दुकानांत ती शेवंतीला घेऊन गेली. काखेत घरचा मोठा टोप होता. घर मोठं, रोजचा भात त्याच टोपात शिजायचा, तेव्हा तो पेलणार नाही ती शेगडी काय कामाची? पहिल्या दुकानदाराने टोप बघितला आणि शेगडीला हात लावू नका म्हणाला. दुसऱ्याने काचेतली चकचकीत स्टीलची दाखवली. तिचा भाव ऐकून भागीरथी हसली आणि पुढे निघाली. स्वस्तातली जी होती, तिचा पत्रा अंगठ्याने दाबला की आत जायचा. उत्तमशेठच्या दुकानात शेवटी तिला हवी तशी सापडली. मधल्या भावाची, दिसायला साधी, पण बर्नर पितळेचे, वरची जाळी जाड, पाय चारही जमिनीला टेकलेले. उत्तमशेठने स्वतः टोपात पाणी भरून दिलं. टोप ठेवून भागीरथीने शेगडी बाजूने हलवून बघितली. पाणी हिंदकळलं, शेगडी जागची हलली नाही. दोन्ही बटणं शेवंतीला तिच्या दुखऱ्या हाताने फिरवायला लावली. शेवंती म्हणाली, जमतंय. व्यवहार ठरला.

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून ती गॅसच्या एजन्सीत गेली. पाटी बाहेर पायरीवर ठेवून आत शिरली तर मॅनेजरने आधी नाकाला रुमाल लावला. मग तिला सांगितलं, की सिलिंडर मिळेल, पण शेगडी आमच्याकडचीच घ्यावी लागेल. शेगडी कोपऱ्यात मांडलेली होती. नौपाड्यात अंगठ्याने दबलेली होती ना, तिचीच सख्खी बहीण, आणि भाव मात्र उत्तमशेठपेक्षा जास्त. भागीरथीने सांगितलं, शेगडी ठरवली आहे, मला फक्त सिलिंडर द्या. मॅनेजर म्हणाला, सुरक्षेचा प्रश्न आहे.

"बाई, तुम्हा लोकांना शेगडीतलं काय कळतंय? चूल फुंकण्याइतकं सोपं नसतं ते."

भागीरथीचे कान तापले. ज्या सुनेचा हात भाजला तिच्या घरच्यांना हा माणूस सुरक्षा शिकवत होता, आणि ती कशी, तर दाबला की दबणारा पत्रा त्यांच्या गळ्यात बांधून.

"तुमी बाजारात येता तवा माज्या पाटीतला मासा कल्लं उघडून बघता," ती म्हणाली. "मी कवा सांगलंय का, हाय तोच घ्या, नायतर उपाशी ऱ्हावा?"

मॅनेजरने पुढच्या माणसाला बोलावलं.

त्या दिवसापासून बाजार उठला की ती एजन्सीत जाऊन बाकड्यावर बसू लागली. रोज नवं कारण मिळायचं. गाडी आली नाही, सिलिंडर संपले, साहेब जेवायला गेलेत. तिच्या डोळ्यांदेखत मात्र लोक रिक्षात सिलिंडर घालून नेत होते, आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात ती शेगडी. कुणाला ती नको होती हे चेहऱ्यावर दिसायचं. बोलत कुणी नव्हतं. चांगले शिकलेले, बँकेत, कचेरीत काम करणारे लोक, मान खाली घालून शेगडी उचलत होते. भागीरथीला मॅनेजरइतकाच त्यांचाही राग येऊ लागला. घरी दामाजी म्हणाला, घेऊन टाक, कशाला डोकं लावतेस. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली नाही.

एके दुपारी मॅनेजरने तिला टेबलाजवळ बोलावलं. आवाज खाली करून म्हणाला, तुमच्यापुरतं करतो, शेगडी नका घेऊ, सिलिंडर उद्या पाठवतो, फक्त बाहेर कुणाला सांगू नका.

खरं तर काम झालं होतं. उठून घरी जायचं होतं. पण 'तुमच्यापुरतं' हा शब्द तिला माशाच्या काट्यासारखा घशात टोचला. म्हणजे शेगडी घ्यायची सक्ती नव्हतीच, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मागे बाकड्यावर रंगूबाई बसल्या होत्या, घरोघरी पोळ्या करणाऱ्या. त्यांच्या पायाशी नुकती गळ्यात पडलेली शेगडी होती. भागीरथी वळली आणि बाजारात हाक मारतात त्या आवाजात म्हणाली,

"रंगूबाय, ही शेगडी घेतली नाय तरी चालतंय. साहेबच बोलतान."

मग रंगूबाईंनी शेगडी उचलून टेबलावर ठेवली. त्यांच्यामागचा चष्मेवाला, जो इतका वेळ भिंतीकडे बघत होता, तोही म्हणाला, मलाही नको. मग आणखी एक. मॅनेजर काही तरी बोलत राहिला, पण टेबल शेगड्यांनी भरलं आणि त्याला कागदावर सह्या करताना हात टेकायलाही जागा उरली नाही. त्या दिवशी सगळ्यांना नुसते सिलिंडर मिळाले.

म्हणून सगळं सुधारलं असं नाही. पावसाळा सरेपर्यंत कोपऱ्यात पुन्हा शेगड्या रचल्या गेल्या, आणि नवीन लोक पुन्हा त्या मुकाट उचलू लागले. हे भागीरथीला कळलं तेव्हा ती बाजारातून तशीच तिथे गेली आणि त्याच आवाजात पुन्हा तेच सांगून आली. नंतर तर कोळीवाड्यात कुणाचा नंबर लागला की लोक तिलाच बरोबर न्यायचे. ती आधी उत्तमशेठकडे जाऊन टोप ठेवून शेगडी ठरवायची, मग एजन्सीत जाऊन बसायची. नव्वद सालानंतर तिची भाची मंजुळा कल्याणला नांदत होती, तिच्यासाठी ती तिथेही जाऊन आली. तिथला माणूस वेगळा होता, बोलणं तेच होतं.

लोक तिला धीराची बाई म्हणत. ते ऐकलं की ती वैतागायची.

"आपल्या घरात काय रांधावं, कशावर रांधावं, हे बोलायला बी धीर लागतो काय?" ती विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता कोयता उचलून समोरच्या सुरमईचे तुकडे करू लागायची.