गाईची वाटी

माझ्या सासूबाई सकाळी दिल्लीतल्या शाळेत गणित शिकवायच्या आणि दुपारनंतर गाझियाबादेत पिठाची गिरणी चालवायच्या. गिरणी माझ्या आजेसासऱ्यांनी सुरू केलेली. सासरे केंद्र सरकारच्या नोकरीत; पिठाच्या नुसत्या वासाने त्यांना शिंका सुरू व्हायच्या, त्यामुळे गिरणी आपसूक सासूबाईंकडे आली. शाळेत खडू, घरी पीठ. "आई, तुम्हाला पावडर लावायची कधी गरजच पडली नाही," असं मी म्हणायची आणि त्या हसायच्या.

गिरणीतही त्यांची शाळाच भरायची. डबे ओळीत लागत. मध्ये घुसणारा कितीही मोठा साहेब असो, त्याला एकच वाक्य ऐकायला मिळे: "भाईसाहब, लाइन से." दळण होईपर्यंत पोरांना पाढे म्हणावे लागत. सतराच्या पाढ्याला अडणारी कितीतरी पोरं पुढे इंजिनिअर झाली आणि तरी सतराला अडतच राहिली.

त्यांच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. चुकलेल्या गणितावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी ते पुन्हा सोडवायचं. "चूक दिसत राहिली पाहिजे," त्या म्हणायच्या, "नाहीतर पुन्हा तिथेच पाय पडतो."

माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. नागपूरहून आलेली मी दिवसभर घरात बसून आंबून गेले होते. सकाळी बंद असणारी गिरणी मी चालवू का, असं विचारून विचारून मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी किल्ली दिली. गल्लीतल्या सहा मराठी घरांची उपासाची भाजणी दळायची होती. "हे नीट जमलं तर सकाळची गिरणी तुझी," एवढं बोलून त्या शाळेत गेल्या.

गिरणीत दगडांची जोडी एकच. गव्हानंतर उपासाचं दळायचं तर आधी दगड उघडून झाडायचे, मग वाटीभर राजगिरा दळून ते पहिलं पीठ गाईला घालायचं. दगडात राहिलेला गहू त्याबरोबर निघून जायचा. त्या वाटीला आम्ही गाईची वाटी म्हणायचो.

संध्याकाळी सासूबाई आल्या तेव्हा मी फुशारून बसले होते. त्यांची नजर फळीवर गेली. राजगिऱ्याची वाटी काठोकाठ भरलेली होती.

"गाय आज जेवली नाही का गं?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. सकाळी आधी गहू दळले होते आणि त्यावरच सहा घरांची भाजणी. एव्हाना सगळ्यांची थालीपिठं खाऊनही झाली असणार. "आई, आपण उद्या नवी भाजणी करून देऊ ना सगळ्यांना," मी म्हटलं, "का, ते सांगायलाच कशाला हवं?"

"हे खोडरबर झालं," त्या म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या. मी मुकाट मागे.

पाच घरांत लोक "अच्छा, चलो, होतं असं" म्हणाले. सहाव्या घरातल्या आजींची मला धास्ती होती. त्यांचा नवरात्राचा उपास लग्नापासून कधी मोडला नव्हता आणि त्या कोणाला बोलायला कमी करत नसत. सासूबाई म्हणाल्या, "भाजणीत गहू गेलाय. चूक आमच्या गिरणीची."

आजींनी देवघराकडे मान वळवली. "सकाळी घटाभोवतीच्या मातीत मी काय पेरलंय, गहूच ना? देवी नऊ दिवस त्यात बसणार. तिला चालतो, तर मला एका घासाने काय होतंय." आणि माझ्याकडे बघून, "उद्यापासून मात्र दगड झाडत जा, बाळ."

परतताना माझी खात्रीच झाली की किल्ली गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तर गिरणीच्या पाटीवर त्यांनी खडूने लिहिलं होतं, 'काल उपासाच्या भाजणीत गहू गेला', आणि त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारची जागा मोकळी ठेवली होती. मी दगड दोनदा झाडले, गाईला पीठ घातलं आणि सहा घरांची भाजणी पुन्हा दळली.

आमच्या घरचा डबा आदल्या दिवशी दळायचा राहिला होता. सासूबाईंनी निघताना तो माझ्यापुढे ठेवला. त्यांचाही नऊ दिवसांचा उपास असायचा, आजींच्या तोडीचा.

"आई, तुम्ही येईपर्यंत थांबू का?"

"मी कशाला हवी? संध्याकाळी थालीपीठ कर."

संध्याकाळी त्यांनी पहिला घास मोडला. मी तव्यापाशी उभी राहून बघत होते. त्यांनी दही वाढून घेतलं, दुसरं थालीपीठ मागितलं आणि शाळेतल्या पेपरांबद्दल बोलत राहिल्या. दगड झाडलेस का, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे कधीच नाही.