चार लाइन्सच्या स्टेशनवरचं हळदीकुंकू

नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला लंडनमधल्या आमच्या मराठी मंडळातल्या काकूंचा फोन आला. दर जानेवारीत हॅरोच्या हॉलमध्ये होणारं हळदीकुंकू त्याच बघतात. "तू नक्की ये हं," त्या म्हणाल्या, "पण जरा उशिरा. डायरेक्ट जेवायलाच ये. म्हणजे कुणालाच ऑकवर्ड व्हायला नको."

मी भूलतज्ज्ञ होते. जन्मभर इंग्रजांना झोपवलं आणि उठवलं. राग आला की माझा आवाज खाली जातो, हे ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी अगदी हळू "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि तिळाचा डबा काढला. हळदीकुंकू आता मीच करणार होते, तेही नाकावर टिच्चून.

प्रश्न जागेचा होता. माझं घर स्टॅनमोरला, भुयारी रेल्वेच्या लाइनच्या पार टोकाला. मैत्रिणी पांगलेल्या. एक क्रॉयडनला, एक इलफर्डला, दोघी विम्बल्डनकडे. घरी बोलवायचं तर त्यांना कुणीतरी गाडीने सोडायला हवं. आणि गाडी म्हटली की नवऱ्याला विचारा, मुलाच्या मीटिंगा सांभाळा, कुणाकडे आणि कशाला चाललोय ते सांगा. मग घरोघरी चर्चा, विधवेच्या हातचं कुंकू बरं दिसतं का म्हणून. पण साठीनंतर मिळणारा फुकट प्रवासाचा पास प्रत्येकीच्या पर्समध्ये होता. सकाळची गर्दी ओसरली की तो घेऊन कुठेही जा, कुणी विचारत नाही.

म्हणून मी शहराच्या मध्यावरचं, चार लाइन्स एकत्र येतात ते स्टेशन निवडलं. तिकिटाच्या गेटांबाहेर, फुलवाल्याच्या शेजारी, तिथे दोन बाकं आहेत. मंडळातल्या बायकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "मंगळवारी दुपारी स्टेशनवर हळदीकुंकू. कुंकू मी लावणार. ज्यांना चालत नाही त्यांनी येऊ नये, मला राग नाही." राग नाही हे धडधडीत खोटं होतं.

मंगळवारी ताट मांडीवर घेऊन बसले. वाण म्हणून पास ठेवायची कापडी पाकिटं शिवली होती. बराच वेळ कुणी आलंच नाही. सरकत्या जिन्यावरून काळे कोट वर येत होते, खाली जात होते. हात दाखवून अवलक्षण केलंस बाई, असं मनात आलं. उठून घरी जावं असंही वाटलं. तेवढ्यात क्रॉयडनची मैत्रीण धापा टाकत जिन्यावरून वर आली, थंडीच्या जॅकेटच्या आत चक्क पैठणी. तिने टोपी काढली, कपाळ पुढे केलं आणि म्हणाली, "लाव पटकन. मला टॉयलेट शोधायचंय."

मग एकेक येत गेल्या. स्टेशनच्या माणसाने येऊन विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे का? आम्ही हो म्हणालो. जरा बाजूला सरका म्हणाला, तर सरकलो. तीळगूळ घेऊन तो गेला.

आणि मग काकू आल्या. त्या एकट्या लाइन बदलत नाहीत, म्हणून सुनेला सोबत घेऊन. मला समजवायला आल्या होत्या हे चेहऱ्यावरच दिसत होतं.

"अगं, स्टेशनवर? हे शोभतं का आपल्याला? लोक बघतायत."

"लंडनमध्ये कोण कुणाकडे बघतं, काकू? बसा." मी कुंकवात बोट बुडवलं.

त्या एक पाऊल मागे सरल्या. "वाईट वाटून घेऊ नकोस गं. पण तुझ्या हातून नको. आमच्या ह्यांची तब्येत अशी..."

माझा आवाज खाली गेला. "काकांच्या हिपच्या ऑपरेशनला भूल मी दिली होती, काकू. पूर्ण वेळ मी त्यांच्या उशाशी होते. धडधाकट उठले ना? हात तोच आहे."

काकूंचं कपाळ काही पुढे आलं नाही. पुढे आली ती सून. इथेच जन्मलेली, काउन्सिलमध्ये नोकरी करणारी, मंडळात कायम मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारी. "मला लाव ना, आंटी," ती म्हणाली. "अँड देन मी तुला लावते. फेअर इज फेअर."

"अगं, थांब," काकू म्हणाल्या. ती थांबली नाही. मी तिला कुंकू लावलं. मग तिने अख्खं बोट बुडवून माझ्या कपाळावर हे एवढं मोठं, वाकडं कुंकू ओढलं. नवरा गेला त्या दिवसापासून तिथे कुणी हात लावला नव्हता. मला सगळ्यांसमोर रडू आलं. ते रागाचं होतं, असं मी आजही सांगते.

काकूंनी त्या दिवशी कुंकू घेतलं नाही. तीळगूळ मात्र खाल्ला, आणि पाकीट निवडताना निळं आहे का म्हणून विचारलं.

परतीच्या ट्रेनमध्ये समोरची गोरी बाई माझ्या कपाळाकडे बघून हळूच हसली. मीही हसले. रात्री तशीच झोपले, उशीचा अभ्रा लाल झाला. सकाळी तोंड धुतलं, तर कपाळ पुन्हा मोकळं. बाथरूमच्या आरशासमोर जरा वेळ उभी राहिले. आता लावायला ना सून होती, ना मैत्रिणी. मग मीच लावलं, नीट, मधोमध, आणि दूध आणायला बाहेर पडले.