दाजींचा डावा हात

काच उभी धरून नेतात. एक माणूस या टोकाला, एक त्या टोकाला. एक हात खाली, दुसरा नुसता आधाराला. दाजी जन्मभर अशा बाजूला उभे राहिले की खाली उजवा हात यावा. त्यांच्या मेहुण्याचा कायम डावा. दोघांचं छान जमलेलं होतं.

मग एका अरुंद जिन्याच्या वळणावर एकट्या दाजींना बाजू बदलावी लागली. दाजींचा डावा खाली आला आणि काच कलली. कोपरा उडाला.

"दाजी, काच आहे, पतंग नव्हे!" मेहुणा ओरडला. मग जिना उतरल्यावर, हळू आवाजात, "याच जिन्याने मोठी काच चढवायचीय. तेव्हा असं झालं तर मला दुसरा जोडीदार बघावा लागेल."

दाजी इरेला पेटले. काठीच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या आणि रोज दोन्ही हातांनी काठी डोक्यावर नेऊ लागले. उजवा दंड फुगला. डावा होता तसाच.

बायको दारातून बघत होती.

"अहो, सगळं ओझं उजवा ओढतोय. डावा नुसता लटकलाय. एकत्र कुटुंबात असतोच असा एखादा."

"मग करू काय?"

"वेगळे काढा दोघांना!"

पिशव्या सुटल्या. आधी डावा, एकटा. तो दमला की थांबायचं. मग उजव्याने तेवढंच उचलायचं, एकदाही जास्त नाही. खरी शिक्षा हीच होती. उजव्याला सुरसुरी यायची. तो पुढे जायला लागला की बायको पळी उगारायची.

मोठी काच आली. दाजींपेक्षा उंच.

वळणावर मेहुणा म्हणाला, "सांभाळा हं, दाजी."

काच एवढी मोठी की या वेळी दोघांनाही बाजू बदलावी लागली. काच कलली.

दाजींनी घाबरून आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो जागच्या जागी होता. कललं होतं ते दुसरं टोक. तिथे मेहुण्याचा उजवा हात लटपटत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो खाली आला होता.

"टेकव पायरीवर," दाजी म्हणाले. "दम खा. माझं टोक हलत नाही."

आणि ते हललं नाही. मेहुण्याने दोनदा श्वास घेतला, पुन्हा उचललं. काच अखंड वर पोहोचली.

संध्याकाळी मेहुणा बहिणीच्या दारात उभा होता, मनगट चोळत.

"ताई, त्या पिशव्या कुठे ठेवल्यात?"

दाजी आतून खो खो हसले. ताईने पळी उचलली.

"ये. आधी उजवा."