टोपलीतला मेरेंगे

बाळ येशूच्या मोडक्या मूर्ती दुरुस्त करण्यात कूकाबाईचं आयुष्य गेलं. पुएब्ला शहरातल्या तिच्या चिमुकल्या दुकानात तुटलेली बोटं, निखळलेले डोळे, नाकाचे टवके, सगळ्यावर इलाज होता. पण शहात्तराव्या वर्षी तिच्या हाती एक जिवंत बाळ आलं आणि त्याने तिच्या डोक्यावर मिरी वाटली.

हे बाळ म्हणजे तिच्या मुलीचा, ओफेलियाचा, कुत्रा मेरेंगे. आई माल्टीज, बाप पूडल, वजन तीन किलो आणि रुबाब बिशपचा. तीन आठवड्यांसाठी त्याला सोडून जाताना ओफेलियाने लांबलचक कागद दिला. रोज विंचरायचं, नाहीतर केसांच्या गाठी होतात. डोळ्यांखालचं पाणी पुसायचं, डाग पडतात. थोडं थोडं, चार वेळा खायला द्यायचं. कांदा, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही. उंचावरून उडी नाही, गुडघे नाजूक. आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून, एकटं सोडायचं नाही, रडून रडून आजारी पडतो.

“तुम्हा पाच जणांना वाढवलं तेव्हा मला कुणी कागद दिला नव्हता,” कूका म्हणाली.

“म्हणूनच आता देतेय. हे बघ आई, हा नीट राहिला तर तू एकटी राहू शकतेस असं मी भावांना सांगेन. नाहीतर दुकान बंद, आणि तू मोंतेरेईला माझ्याकडे.”

मोंतेरेईला कूका एकदाच गेली होती. तिथे तिला आठवडाभर टीव्हीसमोर बसवून ठेवलं होतं. तिने कागद भिंतीला चिकटवला आणि कंबर कसली.

मूर्तींचे खरे केस विंचरायच्या मऊ ब्रशने ती त्याला रोज विंचरू लागली. ती न्हाणीघरात गेली तरी हा दाराशी गळा काढायचा, म्हणून दुकानातही तो सोबत आला. पांढऱ्या केसांना रंग लागेल म्हणून तिने त्याला बाळ येशूचा एक झगा चढवला. स्वारीला तो इतका आवडला की लेस पांघरून मूर्तींच्या टोपलीत झोपायचं हा त्याचा रोजचा कार्यक्रम झाला.

दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, दुकानात झुंबड उडाली. प्रत्येकाला आपलं बाळ नव्या कपड्यांत, टोपलीतून, बारा वाजताच्या प्रार्थनेला आशीर्वादासाठी न्यायचं होतं. सणाच्या दिवशी चष्मा लावला तर चेहऱ्याची शोभा जाते, असं मानणाऱ्या होव्हिताबाईंनी घाईघाईने एक टोपली उचलली आणि त्या निघाल्या. थोड्या वेळाने कूकाने उरलेल्या टोपलीवरची लेस उचलली. आत प्लास्टरचे पाय.

तिचं धाबं दणाणलं. तीन आठवडे संपले होते, ओफेलिया कुठल्याही क्षणी येणार होती. अंगात एप्रन, कानामागे ब्रश, अशीच ती चर्चकडे पळाली.

चर्चमध्ये फादर रांगेने पवित्र पाणी शिंपडत होते. “यंदा कूकाने बाळ किती मऊ केलंय,” होव्हिताबाई शेजारणीला सांगत होत्या. त्या शेजारणीकडे मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेल्या तामालेसचं भरलेलं पातेलं होतं. वास आला तसं लेसमधून आधी एक काळं नाक बाहेर आलं. मग त्यावर थेंब पडला. बाळ शिंकलं आणि फादरांच्या अंगावर भुंकलं.

होव्हिताबाई मटकन खाली बसल्या. फादरांनी धापा टाकणाऱ्या कूकाकडे पाहिलं. “हे जरा जास्तच दुरुस्त झालंय.”

कूकाने मेरेंगेला उचललं आणि मागे वळली. दारात ओफेलिया उभी होती, प्लास्टरचं बाळ छातीशी धरून.

“आई, दुकान उघडं, टोपलीत हे. माझ्या कुत्र्याचं काय केलंस तू?”

“हरवला होता,” कूका म्हणाली. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण चर्च होतं. “माझ्या नजरेसमोरून गेला. नेतेस ना मला? चल.”

ओफेलियाने त्याच्या केसांतून बोटं फिरवली. एकही गाठ नाही. डोळे स्वच्छ. तिच्याकडे तर गाठींपायी त्याला दर दोन महिन्यांनी भादरून काढावं लागायचं. तिने हात पुढे केले, तशी मेरेंगेने मान कूकाच्या एप्रनमध्ये खुपसली.

“मी दिवसभर ऑफिसात असते,” ओफेलिया हळूच म्हणाली. “तो रडून आजारी पडतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलं, आई. माझ्याच घरी आजारी पडला होता. इथेच ठेवशील याला?”

“ठेवीन. आणि मोंतेरेई?”

ओफेलियाने प्लास्टरचं बाळ होव्हिताबाईंच्या मांडीवर ठेवलं. “तू आलीस तर याच्याजवळ कोण थांबणार? एकटं सोडायचं नाही, मीच लिहिलंय ना.”